मंडईच्या दिवसांत मोठे चित्र झाकून ठेवावे

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३६. कला शिक्षक पदविका झाली आहे, पण नोकरी मिळाली नाही. म्हणून घरीच चित्रे काढते आणि नाटक कंपन्यांचे पडदे, मंदिराच्या भिंती, दुकानांच्या पाट्या अशी कामे घेते. वसुबारसेपासून पुढे दीड महिना माझे स्वतःचे काम पूर्ण थांबते. घरात सारवण, फराळ आणि पाहुणे, शेतात धानाची कापणी, गावात मंडई म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. त्यातच जो तो काही ना काही फुकट रंगवून मागतो. मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, "दोन रेघाच तं ओढाच्या हायेत, तुले का लागते?" एका कंपनीकडे मागच्या हंगामातल्या पडद्याचे पैसे अजून अडकले आहेत आणि तोच मालक यंदा दुसरा पडदा मागतो आहे. चार फूट बाय तीन फूट कॅनव्हासवरचे तलावाचे तैलचित्र श्रावणात सुरू केले होते, ते अर्धेच आहे. सासूबाई विळा घेऊन बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उतरलेल्या असताना कुंचला हातात धरायची लाज वाटते. मोबाइलवर नागपूर-मुंबईचे कलाकार रोज नवे चित्र दाखवतात. मी खरी कलाकार आहे, की ही नुसती हौस आहे? सगळ्यांना सरळ नाही म्हणावे का? आणि माझी नऊ वर्षांची मुलगी सुटीत माझ्या रंगांना हात लावते, तिला लावू द्यावा का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आपण खरी कलाकार आहोत की नाही, ही शंका तुम्हाला श्रावणात आलेली दिसत नाही. तेव्हा तुम्ही चार फुटी कॅनव्हास ताणून त्यावर तलाव रंगवायला घेतला होता. ती आली कार्तिकात, म्हणजे घरात दहा माणसे, अंगणात धानाचे पुंजणे आणि दारात मंडळाचे अध्यक्ष उभे असताना. ज्या प्रश्नाला दरवर्षी एकाच महिन्यात पालवी फुटते, त्याचे उत्तर आधी त्या महिन्यात शोधावे, असे माझे मत आहे, म्हणून या पत्रात मी तुमच्या गुणवत्तेविषयी काही बोलणार नाही आणि तुमच्या या दिवसांविषयीच बोलेन.

पहिली गोष्ट म्हणजे ते तैलचित्र आज थांबवा. चिडून किंवा हार मानून थांबवू नका, ठरवून थांबवा. वसुबारस ते त्रिपुरी पौर्णिमा हा काळ मोजला तर अठरा-एकोणीस दिवसांचा भरतो. त्याला कापणी आणि मळणी जोडली की तुमचा दीड महिना होतो. या दीड महिन्यात मोठे तैलचित्र पुढे नेण्यासाठी लागणारी एकही गोष्ट तुमच्या घरात जागेवर नसते. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य साधारण साडेपाचला मावळतो, मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी, आणि जूनच्या मानाने दिवस दोन तासांहून अधिक लहान झालेला असतो. सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने दक्षिणमुखी सपरीत (ओसरीत) ऊन थेट आत येते आणि कॅनव्हासवरचा निळा रंग सकाळी एक, दुपारी दुसराच दिसतो. तैलरंग वाळायला कित्येक दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त, आणि तेवढ्या दिवसांत मळणीची धूळ व कुसळे ओल्या रंगात जाऊन बसतात. एकदा बसली की ती खरवडून काढावी लागतात. तेव्हा चित्राचा आताचा थर हाताला चिकटत नाही ना, हे पाहा आणि मग ते जुन्या सुती चादरीने सैल झाकून, तोंड भिंतीकडे करून, घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. दिवाळीसाठी नुकताच चुना दिलेल्या भिंतीलाही टेकवू नका. ती भिंत आतून ओली असते आणि तो ओलावा कॅनव्हासच्या पाठीला लागतो. मळणी संपून, अंगण झाडून, धूळ खाली बसल्यावर ते बाहेर काढा. आपले मोठे काम कोणत्या तारखेला पुन्हा सुरू होणार हे माहीत असले की मधल्या दिवसांची टोचणी पुष्कळ कमी होते. म्हणून ती तारीख आजच दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

याचा अर्थ दीड महिना स्वतःचे काही काढायचेच नाही, असा नाही. लहान वही, पेन्सिल, जलरंगांची एक छोटी पेटी आणि दिवसातून एक तास एवढे पुरे आहे. तो तास कोणता, हे घरातल्या चुलीवर अवलंबून आहे. पण माझे सांगणे असे की पहाटेचा नको. पहाटे अंधार असतो, विजेच्या दिव्याखाली रंगांचा अंदाज चुकतो आणि तुम्ही आधीच सगळ्यांच्या आधी उठलेल्या असता. दुपारी जेवणे उरकून पाहुणे आडवे होतात, तेव्हा दोन ते तीन हा तास घ्या. उजेडही स्थिर असतो. घरात हे आधी सांगून ठेवा आणि सांगताना ओशाळू नका. "वेळ मिळाला तर थोडेसे काढीन" असे म्हटले की तो तास कुणाचाही होतो. "दोन ते तीन मी कामाला बसते, तीन वाजता चहा मी ठेवीन" असे म्हटले तर सासूबाईही पाहुण्यांना तसेच सांगतील. विदर्भातल्या सासवा आपण समजतो तितक्या अवघड नसतात. त्यांना चहा नेमका किती वाजता मिळणार, एवढे कळले की पुरते.

आता त्या तासात काय काढायचे. या हंगामाची चित्रे बाहेरून येणारे लोक पुष्कळ काढतात. सूर्यास्त, बैलगाडी, डोक्यावर भारा घेतलेली बाई. ती तुम्ही काढू नका, कारण तुम्हाला त्याहून बरेच काही दिसते. कापलेल्या धानाचा कडपा बांधीत पसरण्याची पद्धत, भारा बांधताना तणसाच्या दोरीला पीळ देणारी बोटे, गायगोधनाच्या दिवशी गेरूचे ठसे अंगावर उमटवलेली गाय आणि ढाल घेऊन नाचणारे गोवारी, मंडईत जिलेबीच्या कढईमागे उभ्या माणसाचा घामेजलेला चेहरा, कापणीनंतर धानाच्या खुंटांमधून वर आलेली लाखोळी. नाटकाच्या रात्री पडदा बांधायला जाता, तेव्हा रंगमंचामागे आरशापुढे बसून चेहऱ्याला रंग फासणाऱ्या नटाचे रेखाटन करण्याची संधी तुमच्याइतकी महाराष्ट्रातल्या फार थोड्या चित्रकारांना मिळते. भाऊबीजेला माहेरी जाल तेव्हा वही बरोबर न्या; माहेरी लेकीला कुणी कामाला लावत नाही, तिथे तासाचे दोन होतील. नवेगावबांध तुमच्याकडून लांब नाही. हिवाळ्यात त्या तलावावर स्थलांतरित पक्षी उतरू लागतात आणि तुमच्या अर्ध्या तैलचित्राचा विषयच तलाव आहे. एखाद्या सकाळी तिथे जाऊन पाण्याच्या रंगाच्या चार-पाच नोंदी जरी केल्या, तरी पुढे झाकण काढल्यावर तुम्हाला नेमकी कशाची उणीव होती ते कळेल.

फुकट कामांच्या प्रश्नावर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तुमची खरी चिडचिड तिथे आहे. "सगळ्यांना नाही म्हणावे का," असे तुम्ही विचारता. नाही म्हणू नका. पण सगळ्यांना एकाच तागडीतही घालू नका. घरची रांगोळी, तुळशीवृंदावनाचा रंग, दाराचे तोरण ही कामे तुम्ही चित्रकार नसता तरी केली असती. ती करा, फक्त नणंदेच्या मुलींना हाताशी घ्या. तुम्ही बाह्यरेषा काढा आणि रंग त्या भरतील. गावाचे काम वेगळे. मंदिराची भिंत, शाळेचा फळा, मंडईच्या मंडपाची कमान यांपैकी वर्षाला एक काम फुकट करायचे, पण कोणते ते तुम्ही निवडायचे आणि रंग, कुंचले, शिडी मंडळाने द्यायची. हे एकदा चारचौघांत सांगितले की अध्यक्षांना पुढच्या वेळी काय उत्तर द्यायचे ते तयार असते : "यंदाचे गावाचे काम मी मंदिराला दिले, कमान करायची तर हा दर." ते रागावतील, असे तुम्हाला वाटते. एखादा आठवडा रागावतीलही. पण दिवाबत्तीवाल्याला, मंडपवाल्याला आणि नाटक कंपनीला हेच मंडळ पैसे मोजते, हे त्यांनाही ठाऊक आहे. ज्याने मागितले नाही त्याला तेवढे मिळाले नाही.

तिसरा गट धंद्याचा. दुकानाची पाटी, भिंतीवरची जाहिरात, निवडणुकीच्या उमेदवाराचे नाव आणि नाटकाचा पडदा ही कामे फुकट किंवा ओळखीखातर होता कामा नयेत. दर ठरवताना गावाला समजणारे माप घ्या, ते म्हणजे गवंड्याची रोजी. तुमचे काम कसबाचे आहे, त्यामुळे दिवसाची मजुरी गवंड्यापेक्षा कमी लावू नका. समजा पडदा १८ फूट बाय १२ फूट आहे, म्हणजे २१६ चौरस फूट. त्याला पाच दिवस लागत असतील तर पाच दिवसांची रोजी, त्यात मांजरपाट, रंग, सरस आणि शिलाई यांचा खरा खर्च, आणि वर नेण्या-आणण्याचे भाडे मिळवा; आलेल्या रकमेला २१६ ने भागले की चौरस फुटाचा दर निघतो. पुढच्या वेळी कुणी विचारले तर लगेच आकडा सांगता येतो, आणि आकडा लगेच सांगणाऱ्याशी लोक घासाघीस कमी करतात. आजकाल फ्लेक्स स्वस्तात छापून मिळतो, असे ऐकवले जाईल. ते खरेच आहे, म्हणून फ्लेक्सच्या दराशी स्पर्धा करू नका; फ्लेक्सवर रंगमंचाचा दिवा पडला की तो चकाकतो आणि जंगलाचा देखावा दुकानाच्या फलकासारखा दिसतो, हे कंपनीवाल्यांना तुमच्यापेक्षा चांगले माहीत असते. सरसात कालवलेले रंग वापरत असाल तर मात्र एक काळजी घ्या. उघड्या मंडपात रात्रभर दव पडते, त्याने सरस मऊ होतो आणि घडी घातलेला ओला पडदा स्वतःलाच चिकटतो. पडदा सकाळी उन्हात वाळवल्याशिवाय गुंडाळू नये, हे कंपनीच्या माणसाला लिहूनच द्या, म्हणजे रंग उडाल्याचा दोष तुमच्यावर येणार नाही.

अडकलेल्या पैशांविषयी माझा सल्ला थोडा कठोर आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर मंडईबरोबर उभा राहतो आणि शिमग्याच्या आसपास संपतो. वडसा म्हणजे देसाईगंज इथल्या कंपन्यांची सगळी धावपळ हंगामाच्या सुरुवातीला असते. तारखा घेणे, नटांना आगाऊ रक्कम देणे, गाड्या ठरवणे. मालकाला तुमची गरज आहे ती याच पंधरवड्यात. शिमग्यानंतर कंपनी पांगली की तुमचा फोन उचलण्याची त्याला काही निकड राहत नाही. म्हणून मागचे पैसे पूर्ण मिळाल्याशिवाय नव्या पडद्याचे कापडही फाडू नका. नव्या कामाची निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली पडदा गाडीत चढण्यापूर्वी, हे व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि त्यात पडद्याचे माप, देखावा, तारीख आणि दर असू द्या. तो दुसरीकडे जाईल, ही भीती खोटी नाही, जाऊही शकेल. पण दोन हंगामांचे पडदे फुकट रंगवण्यापेक्षा एक गिऱ्हाईक गमावणे स्वस्त पडते.

याच ओघात आणखी एक. झाडीपट्टी रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे या रंगभूमीकडे आता बाहेरचे लोकही आदराने पाहतात. मात्र रात्री दहाच्या सुमारास उघडून पहाटेपर्यंत प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर राहणारा पडदा कुणी रंगवला, हे बहुतेक वेळा ना पत्रकावर असते ना निवेदनात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली तुमचे नाव आणि गाव स्पष्ट अक्षरांत लिहा आणि पत्रकात नाव छापण्याची अट दराबरोबरच घाला. यात संकोच कसला? तबलजीचे नाव छापतातच.

प्रयोगाच्या रात्री तुम्ही थांबत असाल, तर पहाटे अंधारात दुचाकीवर एकट्या परतू नका. या दिवसांत धुके असते आणि कित्येक गावांत रस्त्यावरच धान वाळत घातलेले असते. उजाडू द्या. त्या दिवशी बारीक काम हातात घेऊ नका, हात कापतो; अस्तर लावणे, चौकट ठोकणे अशी कामे करा किंवा सरळ झोपा.

कापणीच्या लाजेबद्दल लिहिताना मला तुमच्या बाजूने एकांगी बोलता येत नाही. पिकलेले धान थांबत नाही. उशीर झाला तर लोंब्या झडतात आणि अवकाळी पाऊस आला तर कडपे भिजून दाण्याला कोंब येतात. घरचे सगळे बांधीत असताना नेमक्या कापणीच्या चार-पाच दिवसांत तुम्ही घरी पडदा रंगवत बसलात, तर सासूबाईंना खटकेल आणि ते रास्तही आहे. ते दिवस शेताला द्या, त्या दिवसांत दुपारचा तासही सोडा, आणि पडद्याच्या तारखा कापणीच्या आधी किंवा मळणीनंतर घ्या. पण उरलेल्या दिवसांत लाज बाळगण्याचे कारण मला दिसत नाही. पडद्याच्या आगाऊ रकमेतून दोन मजूर बायांची रोजी तुम्ही भरलीत, आणि ती सासूबाईंच्या हातूनच दिलीत, तर कुंचलाही बांधीत उतरला आहे हे घरात कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. सगळी रक्कम मात्र देऊ नका. पुढच्या रंगांचे आणि कॅनव्हासचे पैसे वेगळे काढून बँकेत टाका. नाहीतर पौषात चित्र बाहेर काढाल आणि पांढऱ्या रंगाची नळी रिकामी असेल.

मोबाइलवरच्या कलाकारांकडे या दिवसांत पाहू नका, एवढेच त्याविषयी सांगतो. त्यातल्या पुष्कळांच्या घरी धान नसते आणि काहींच्या घरी पाहुणेही येत नाहीत. त्याऐवजी एक उपयोगी काम करा. पावसाळा संपल्यावरची हवा स्वच्छ असते. तेव्हा पूर्ण झालेली जुनी चित्रे घराच्या उत्तरेकडच्या भिंतीला, सावलीत, सकाळी दहाच्या सुमारास टेकवून त्यांची नीट छायाचित्रे काढून ठेवा. कडा सरळ, चमक नाही, सोबत माप आणि माध्यम लिहिलेले. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांखेरीज कलाकारांसाठी स्वतंत्र विभाग असतो, आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तर नागपुरातच आहे. अशा ठिकाणची सूचना निघते तेव्हा अर्जाला मुदत थोडी असते आणि छायाचित्रे तयार नसल्यामुळेच खेड्यातले अनेक जण मागे राहतात. तुम्ही त्यांत राहू नका.

राहता राहिली तुमची लेक. तिला रंगांना हात लावू द्या, पण तुमच्या रंगांना नाही. तिच्यासाठी पोस्टर रंगांचा वेगळा संच, दोन कुंचले आणि वापरलेल्या पडद्याचे उरलेले कापड द्या आणि दुपारच्या तुमच्या तासात तिलाही शेजारी बसवा, म्हणजे तो तास मोडायला निदान ती तरी येणार नाही. तैलरंगांच्या काही नळ्यांत, विशेषतः पिवळ्या-लाल छटांमध्ये, कॅडमियम किंवा शिसे असू शकते. ते मुलांच्या बोटांना आणि तिथून तोंडात जाता कामा नये. टर्पेंटाइन आणि थिनरच्या बाटल्या फळीवर उंच ठेवा, पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका, आणि त्यांचे बोळे चुलीपासून व पणत्यांपासून लांब, बाहेर उलगडून पसरून वाळवा आणि मगच टाका.